सर्वांत मोलाचा गडी कोण?

छत्रपति संभाजीनगरांतील एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर बास्केटबॉलचे सामने संपले आणि ढाल कोणत्या संघाकडे गेली हें ठरलें, म्हणजे वाद मिटावयास पाहिजे. परंतु खरा वाद तेथूनच सुरू होतो. कोणता संघ श्रेष्ठ, या प्रश्नाचें उत्तर फलकावरील आंकड्यांनीं दिलेलें असतें, आणि तें कितीहि बोचलें तरी निमूटपणें मान्य करावें लागतें. परंतु त्याच समारंभांत ध्वनिक्षेपकावरून आणखी एक नांव पुकारलें जातें, स्पर्धेंतील सर्वांत मोलाच्या खेळाडूचें, आणि तत्क्षणीं मैदानावर तट पडतात. एक म्हणतो, ज्यानें सर्वांत अधिक गुण केले त्यालाच तें मिळावयास हवें होतें. दुसरा म्हणतो, गुण त्यानें केले खरे, पण चेंडू त्याच्या हातीं आणून कोण देत होता? तिसरा, हरलेल्या संघाचा अभिमानी, म्हणतो कीं आमचा अमुक एकटा लढला, त्याची सर तुमच्यांतील कोणाला आली? हा वाद चहाच्या टपरीपर्यंत जातो, तेथून घरीं जातो, आणि पुष्कळदां पुढच्या वर्षींच्या सामन्यांपर्यंत टिकतो. वडील माणसें त्याला पोरखेळ म्हणून सोडून देतात.

आमच्या मतें हा पोरखेळ नव्हे. अनेकांनीं मिळून केलेल्या कार्याचें श्रेय एकाला देतां येतें काय, आणि देतां येत असेल तर तें कोणत्या मापानें मोजावयाचें, हा नीतिशास्त्रांतील एक अवघड प्रश्न आहे. कुटुंबांत, कचेरींत, संस्थांच्या अहवालांत, राष्ट्राच्या इतिहासांत तो रोज उपस्थित होतो. परंतु तेथें नातीं गुंतलेलीं, हितसंबंध दडलेले आणि साक्षीदार भित्रे. मैदानावर तेंच सर्व उजेडांत, चाळीस मिनिटांच्या खेळांत, शेंकडों डोळ्यांदेखत घडतें. म्हणून हा प्रश्न मैदानावरच तपासणें सोयीचें.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. हें पारितोषिक ज्या अमेरिकन चालीवर दिलें जातें तेथें त्याचें नांव ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ असें आहे. सर्वांत कुशल नव्हे, सर्वांत चपळ नव्हे, सर्वांत मोलाचा. मराठींत आपण बहुधा ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ म्हणून मोकळे होतों, पण या दोन शब्दांत अंतर आहे. उत्कृष्टता हा व्यक्तीचा गुण झाला. ती एकट्या माणसांतहि पाहतां येते. मोल हें नेहमीं कोणासाठीं तरी असतें. वाळवंटांत तहानलेल्याला सोन्याचें मोल नाहीं, पाण्याचें आहे. तेव्हां ‘मोलाचा’ म्हणतांच संघाचा, प्रसंगाचा व गरजेचा संबंध आला, आणि निवाडा करणाऱ्याचें काम दुप्पट कठीण झालें.

मोल मोजण्याची एक रीत सर्वांच्या तोंडीं आहे: तो नसता तर काय झालें असतें? ज्याच्यावांचून संघ कोसळला असता तो सर्वांत मोलाचा. ही रीत वरवर पाहतां निर्दोष वाटते. परंतु तिच्यांत एक खोड अशी आहे कीं, ती माणसाचें मोल त्याच्या सोबत्यांच्या दारिद्र्यावरून ठरविते. ज्या संघांत त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाहीं तेथें तो अमोल, आणि तोच गडी अगदीं तसाच खेळत असतां तीन चांगल्या सोबत्यांमध्यें जाऊन बसला कीं स्वस्त! चांगल्या मंडळींत राहण्याचा हा दंडच म्हणावयाचा. दुसरी खोड याहून खोल आहे. ती समजण्यासाठीं बास्केटबॉल क्षणभर बाजूस ठेवून आपल्या मातींतील खो-खोकडे वळलें पाहिजे.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं नियमांच्या चौकटींत बसविलेला हा खेळ वाचकांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत खेळलेला असेल. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून चौकोनांत बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला एकदां धरलेली दिशा सोडून मागें वळतां येत नाहीं, बसलेल्या दोघांमधून पलीकडे जातां येत नाहीं; पळणाऱ्याला मात्र दोन्ही गोष्टींची मोकळीक आहे. या विषमतेची भरपाई एकाच शब्दानें होते. पळणारा बगल देऊन पलीकडच्या बाजूस शिरला, कीं पाठलाग करणारा त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागीं बसतो.

आतां पाहा, गडी कोणीं मारला? ज्याचा हात पळणाऱ्याला लागला त्यानें, असें नोंदपत्रक सांगेल. परंतु त्याच्या आधींच्या गड्यानें अर्धा क्षण उशिरां खो दिला असता, किंवा अधीरपणें आधींच देऊन टाकला असता, तर तो हात लागलाच नसता. त्याच्याहि आधींच्या गड्यानें पळणाऱ्याला खांबाच्या बाजूला रेटीत नेलें नसतें, तर हा खो देण्याची वेळच आली नसती. आणि जो एक बसलेला गडी सबंध पाळींत एकदांहि उठला नाहीं, तो तेथें सावध बसला होता म्हणूनच पळणाऱ्याची वाट वांकडी झाली. या नऊ जणांतून कोणीहि एक काढून पाहा, सांखळी तुटते. ‘तो नसता तर’ या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकाच्या बाबतींत ‘गडी सुटला असता’ हेंच येतें. मग प्रत्येकच सर्वांत मोलाचा ठरतो. आणि ज्या मापांत सर्वांचें वजन सारखेंच भरतें तें माप बाजारांत कोणी ठेवीत नाहीं.

मग हातांत उरतें तें नोंदपत्रक. मराठी वर्तमानपत्रांत खो-खोच्या सामन्याचा वृत्तांत येतो तेव्हां खेळाडूनें किती मिनिटें संरक्षण केलें आणि किती गडी बाद केले, हें त्याच्या नांवाबरोबर दिलेलें असतें. दोन्ही आंकडे खरे असतात. परंतु वेळेवर दिलेल्या खोचा आंकडा तेथें नसतो. सामन्याला हजर नसलेला मनुष्य त्या आंकड्यांवरूनच मत बनवितो, आणि हळूहळू हजर असलेला मनुष्यहि तेंच करूं लागतो. कारण डोळ्यांनीं पाहिलेलें विसरतें, कागदावरचें राहतें. जें मोजलें गेलें तेवढेंच मोलाचें, हा भ्रम अशा रीतीनें कोणाच्याहि अप्रामाणिकपणावांचून उत्पन्न होतो.

या भ्रमाचें एक मोठें उदाहरण बास्केटबॉलच्याच इतिहासांत आहे. बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाचा बिल रसेल हा तेरा हंगाम खेळला, आणि त्यांपैकीं अकरांत त्याचा संघ अजिंक्य ठरला. त्याचें सामर्थ्य गुण करण्यांत फारसें नव्हतें. प्रतिपक्षाचा चेंडू टोपलीकडे जात असतां तो हवेंतच अडविणें, आणि अडविलेला चेंडू मैदानाबाहेर न भिरकावतां सोबत्याच्या हातीं पडेल असा वळविणें, ही त्याची विद्या. गंमत अशी कीं, त्या काळीं अमेरिकेंतील व्यावसायिक स्पर्धेच्या अधिकृत नोंदींत अडविलेल्या चेंडूंचा रकानाच नव्हता. तो १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाला. रसेल १९६९ सालींच निवृत्त झाला होता. ज्या एका गोष्टींत हा मनुष्य अद्वितीय, ती त्यानें किती वेळां केली याचा अधिकृत आंकडा जगांत कोठेंहि नाहीं.

रसेलच्या त्याच शेवटच्या हंगामांत, १९६९ सालीं, अंतिम मालिकेंतील सर्वांत मोलाच्या खेळाडूचें पारितोषिक प्रथमच ठेवण्यांत आलें. सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ यांची सात सामन्यांची झुंज झाली, आणि सातवा सामना लेकर्सनीं आपल्याच गांवांत १०८ विरुद्ध १०६ असा अवघ्या दोन गुणांनीं गमावला. पारितोषिक मिळालें तें हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला! त्या अखेरच्या सामन्यांत त्यानें एकट्यानें ४२ गुण केले होते. त्यानंतर हरलेल्या संघाच्या कोणाहि खेळाडूला तें पारितोषिक मिळालेलें नाहीं. पुढें २००९ सालीं त्याला बिल रसेलचें नांव देण्यांत आलें. स्वतः रसेलला तें कधींच मिळालें नव्हतें.

वेस्टच्या निवडीवर आक्षेप असा घेतां येईल कीं, खेळाचा हेतु जिंकणें हा आहे. ज्याच्या हातून संघाला जय मिळाला नाहीं त्याचें संघाला मोल तें काय? आक्षेप पोकळ नाहीं. हरणाऱ्या संघांत पुष्कळदां एखादा गडी स्वतःच्या गुणांसाठींच खेळतो, सोबत्यांना चेंडू देत नाहीं, आणि आंकड्यांत मोठा दिसतो. तसल्याला डोक्यावर घेणें म्हणजे संघाच्या विध्वंसाला बक्षीस देणें होय. परंतु वेस्ट तसा खेळला नव्हता. त्याच सामन्यांत बारा वेळां सोबत्यांना गुण करून देणारा चेंडू त्याच्याच हातून गेला होता. आणि दोन गुणांचें अंतर म्हणजे तरी काय? एक चेंडू कड्यावर आंत कलला कीं बाहेर, एवढेंच. वेस्टची धांव, त्याचा नेम, त्याचा थकवा हीं सर्व तो चेंडू कलण्यापूर्वींच पुरीं झालेलीं होतीं. चेंडू आंत पडला तर तीं मोलाचीं आणि बाहेर पडला तर निर्मोल, असें मानणें म्हणजे मागें घडून गेलेल्या कृतीचें स्वरूप पुढच्या अपघातानें बदलतें असें मानणें होय. ढाल देतांना तें मानावें लागतें, कारण ढाल फळाला दिली जाते. व्यक्तीचा सन्मान कृतीला असतो.

आणि या मुद्याचा निकाल आपल्याकडे, नकळत कां होईना, पूर्वींच लागलेला आहे. राष्ट्रीय खो-खो अजिंक्यपद स्पर्धेंत पुरुषांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूला जो पुरस्कार देतात त्याचें नांव एकलव्य. महिलांच्या पुरस्काराचें नांव राणी लक्ष्मीबाई. कुमारांच्या पुरस्काराचें नांव वीर अभिमन्यु. हीं नांवें वाचकांनीं एकापाठोपाठ एक पुन्हां वाचून पाहावीं. एकाचा आंगठा गेला. दुसरी १८५८ सालीं ग्वाल्हेर येथें धारातीर्थीं पडली. तिसरा चक्रव्यूहांतून बाहेर आलाच नाहीं. तिघांपैकीं एकाच्याहि गळ्यांत जयमाळ पडली नाहीं! ज्यांनीं हीं नांवें निवडलीं त्यांच्या मनांत हा विचार असो वा नसो, उत्कृष्टता आणि जय या दोन निराळ्या वस्तु आहेत ही जाण आपल्या परंपरेच्या पोटांत होती, म्हणूनच हीं नांवें कोणालाहि खटकलीं नाहींत.

त्यांतहि एकलव्याचें नांव फार कांटेरी आहे. आदिपर्वांतील ती कथा घरोघर ठाऊक असते; परंतु तिच्यांतील कळीचा मुद्दा सांगतांना बहुधा निसटतो. गुरुभक्तीचा गौरव करतां करतां आपण हें विसरतों कीं, आंगठा मागितला गेला तो एका पदवीच्या रक्षणासाठीं. आपल्या शिष्यांत अर्जुनाहून श्रेष्ठ कोणी होणार नाहीं, असें वचन द्रोणांनीं दिलेलें होतें, आणि भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडांत शिताफीनें भरलेले बाण पाहतांच अर्जुनाला त्या वचनाची आठवण झाली. ‘सर्वोत्कृष्ट’ हें पद तेथें सामन्यानें राखलें गेलें नाहीं. सामन्यास उभा राहूं शकणाऱ्याला दूर करून राखलें गेलें. आतां आपल्या क्रीडासन्मानांकडे पाहा. खो-खोपटूला एकलव्य पुरस्कार मिळतो. कीर्ति वाढली कीं तो १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या अर्जुन पुरस्काराकडे डोळे लावतो. आणि त्याच्या गुरूसाठीं १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे. एकाच कथेंतील तीन पात्रें एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या होऊन बसलीं आहेत, आणि त्यांचें परस्परांशीं काय नातें होतें हें समारंभाच्या दिवशीं कोणाला आठवत नाहीं.

हा जिनाहि सर्वांना सारखा चढतां येत नाहीं. मराठवाड्यांतील धाराशिवच्या सारिका काळे यांनीं २०१६ सालच्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत भारताच्या महिला खो-खो संघाचें नेतृत्व केलें व सुवर्णपदक आणलें. त्यांना २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हां या खेळाला तो मान बावीस वर्षांनीं लाभत होता. बावीस वर्षें या खेळांत मोलाचें कोणी नव्हतें काय? होतें, पाहणारें कोणी नव्हतें.

येथवर मापाची चर्चा झाली. पण समजा, उद्यां कोणी असें यंत्र काढलें कीं ज्यांत वेळेवर दिलेला खो आणि न उठतां राखलेली जागा हीं सुद्धां नेमकीं मोजलीं जातील. तरी प्रश्न संपत नाहीं. कारण सर्वांत अधिक ज्यानें केलें तो त्या श्रेयाचा धनी आहे काय, हें अजून ठरावयाचेंच आहे. बास्केटबॉलची टोपली जमिनीपासून दहा फुटांवर असते. साडेसहा फुटांची उंची ही कोणाची कमाई? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथांत असें मांडलें आहे कीं, निसर्गदत्त देणगी तर कोणाची कमाई नव्हेच, पण मेहनत करण्याची वृत्ति देखील पुष्कळ अंशीं घर आणि परिस्थिति यांनीं घडविलेली असते. आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायांत हेंच दुसऱ्या वाटेनें येतें. तेथें कोणत्याहि कर्माच्या सिद्धीला पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळीं साधनें, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पांचवें दैव, आणि जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याची दृष्टि कच्ची, असा अभिप्राय दिला आहे. पांचांत कर्ता एक. अंतिम सामन्यांतील शेवटची फेंक घेणाऱ्या मुलानें हें ध्यानांत ठेवलें तर बरें, परंतु तें त्याला त्या क्षणीं सांगणाराहि मूर्खच.

याचा सर्वांत सुंदर दाखला आमच्या शहरापासून अवघ्या तीस किलोमीटरांवर उभा आहे. राष्ट्रकूट कुळांतील कर्कराजाचा, नवव्या शतकाच्या आरंभींचा, बडोदें येथील ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यांत कृष्णराजानें एलापुर येथें करविलेल्या शिवालयाचें वर्णन येतें, आणि तें वेरूळच्या कैलासाचें असें विद्वान् मानतात. देवांनाहि तें मनुष्याचें काम वाटेना, आणि ज्यानें तें घडविलें त्या शिल्पकारालाच, हें आपल्या हातून झालें तरी कसें, असा विस्मय पडला, असा त्या वर्णनाचा आशय आहे. श्रेष्ठ कृतीच्या कर्त्याची मनःस्थिति याहून खरी क्वचितच कोणीं टिपली असेल. मात्र त्याच वर्णनांत आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते: राजाचें नांव दिलेलें आहे, शिल्पकाराचें नाहीं.

‘व्यक्तीला पुरस्कार देऊंच नयेत, संघ जिंकला, सर्वांचें श्रेय सारखें’ असें म्हणणाऱ्या सज्जनांना आमचें उत्तर या एका गोष्टींत आहे. मोल मोजतां येत नाहीं, लायकी ठरवितां येत नाहीं, तेव्हां गप्प बसावें, हा युक्तिवाद दिसावयास नम्र आहे. परंतु श्रेय कधीं बेवारस राहत नाहीं. विचारपूर्वक कोणीं तें दिलें नाहीं तर जो सर्वांत उंच, सर्वांत जवळ किंवा सर्वांत श्रीमंत उभा असेल त्याच्याकडे तें आपोआप चालत जातें. आपण गप्प बसल्यानें शिल्पकार आणि राजा सारखे होत नाहींत. राजा एकटा उरतो.

बाळू पालवणकर यांचें चरित्र याची साक्ष देईल. चर्मकार कुळांत जन्मलेला हा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या युरोपियन क्लबांत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होता. तेथील साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां तो विलक्षण डावखुरा गोलंदाज झाला. युरोपियनांना हरवावयाचें तर हा हात हवा, म्हणून पुण्याच्या हिंदु मंडळींनीं त्यांना संघांत घेतलें. खेळतांना सर्वांचा चेंडू एक. मध्यंतरांत मात्र त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत. १९११ सालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हां त्या दौऱ्यांत बाळूंनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत वर्षानुवर्षें हिंदु संघाची मदार त्यांच्यावर असे. परंतु त्या संघाचें कप्तानपद त्यांना कधींहि मिळालें नाहीं. तें पुढें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, आणि तेंहि सहजासहजीं नव्हे.

येथें आंकड्यांच्या बाजूनेंहि एक शब्द बोलला पाहिजे. वर आम्हीं त्यांच्याविरुद्ध पुष्कळ बोललों आहोंत. बाळूंचे बळी जर कागदावर नसते, तर त्यांचें गोलंदाजपणहि कोणीं कबूल केलें नसतें. ज्याला लोक पाहूंच इच्छीत नाहींत त्याचा कैवार कधीं कधीं फक्त आंकडाच घेतो, कारण आंकड्याला जात विचारतां येत नाहीं. परंतु कप्तानपदाची लायकी कोणत्याहि रकान्यांत मावणारी नव्हती. ती पाहून, मान्य करून, तोंडानें बोलून दाखवावी लागली असती. जेथें रकाना संपला तेथें लोकांचे डोळे मिटले. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांना, ‘खेळांत सर्वांचें श्रेय सारखें’ हें वाक्य फारच सोयीचें वाटलें असेल.

तेव्हां व्यक्तीचा पुरस्कार हें वेतन नव्हे, ही साक्ष आहे, असें आम्हांला वाटतें. वेतन म्हटलें कीं तें कामाच्या प्रमाणांत असावें लागतें, आणि प्रमाण तर येथें सांपडत नाहीं हें आपण पाहिलें. साक्षीला प्रमाण लागत नाहीं. ती खरी असावी लागते. ‘जगांत याच्याइतकें कोणी लायक नाहीं’ असें साक्षीदार म्हणत नाहीं. ‘आम्हीं पाहिलें, यानें हें केलें’ एवढेंच तो म्हणतो. उंची कोणाची देणगी, दैवाचा वांटा किती, हे प्रश्न तिच्या आड येत नाहींत. गायकाचा गळा जन्मतःच गोड होता म्हणून त्याचें गाणें आपण ऐकलेंच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. एवढेंच कीं, साक्ष देणाऱ्यानें पाहिलेलें असलें पाहिजे, त्याचा त्यांत स्वार्थ नसला पाहिजे, आणि निकाल काय लागला हें पाहून त्यानें आपली जबानी फिरवितां कामा नये.

असा साक्षीदार कोठें मिळावा? रसेलचें उदाहरण येथें पुन्हां उपयोगी पडतें. ज्याच्या मुख्य विद्येला नोंदवहींत रकाना नव्हता, तो हंगामांतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून पांच वेळां निवडला गेला! हें कसें घडलें? त्या काळीं हें मत खेळाडूच देत असत. पत्रकारांकडे तें १९८० नंतर गेलें. ज्यांचे चेंडू हवेंत अडले होते त्यांना रकान्याची गरज नव्हती. चेंडू फेंकण्यापूर्वीं आपण कोणाकडे चोरून पाहतों हें प्रत्येकाला ठाऊक होतें.

आपल्याकडील स्पर्धांत ही निवड बहुधा कशी होते? अंतिम सामना संपतो, प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई असते, हार आलेले असतात, आणि टेबलाशीं बसलेले दोघे-तिघे नोंदपत्रकावर बोट फिरवून सर्वांत मोठा आंकडा शोधतात. खो-खोंत सर्वोत्कृष्ट आक्रमक, सर्वोत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू असे तीन मान वेगळे देण्याची चांगली चाल आहे; एका खिडकीऐवजीं तीन खिडक्या झाल्या, तेवढा उजेड अधिक. मात्र ही वांटणी पुढें नेऊन प्रत्येकाच्या हातीं एकेक पदक ठेवण्याची जी हौस अलीकडे दिसते ती आम्हांला मान्य नाहीं. सर्वांच्या बाजूनें दिलेली साक्ष कोणाच्याच कामीं येत नाहीं.

आमची सूचना साधी आहे. अंतिम सामना संपतांच दोन्ही संघांच्या कप्तानांना वेगवेगळें बाजूस घ्यावें आणि प्रत्येकाला एवढेंच विचारावें, कीं प्रतिपक्षांतील कोणासाठीं तुम्हीं आपला डाव बदलला? कोणी म्हणेल, प्रतिपक्षी मत्सरानें बोलेल. पण विचार केला तर त्याला मत्सराचें कारण नाहीं. समोरच्या संघांतील अमक्यापेक्षां तमका बरा, असें म्हणण्यांत त्याचा लाभ ना तोटा. त्याचे आपले सोबती त्या तुलनेंत नाहींतच. उलट स्वतःच्या संघाचा कप्तान मैत्री पाहील, शिक्षक शिस्त पाहतील, पाहुणे फलक पाहतील. ज्याला चकवावयाचें होतें आणि चकवितां आलें नाहीं, तो गडी कोण हें प्रतिपक्षाच्या पायांनाच ठाऊक असतें. त्याच्या उत्तरांत कदाचित् अशा एखाद्या मुलाचें नांव येईल, कीं ज्याच्यापुढें नोंदपत्रकांत एकहि गडी मांडलेला नाहीं. मग पाहुण्यांना आणखी दोन मिनिटें थांबावें लागेल. कारण त्या मुलानें नेमकें काय केलें, हें आधीं सांगितल्यावांचून तें नांव पुकारतां येणार नाहीं.